वाटणी झाली तरी किल्ला एकच राहिला

वर कुणीतरी लिहिलंय की जर्मनीतली छोटी सरदार घराणी भाऊबंदकीतच संपली. बरीच संपलीही असतील, पण मोझेल नदीजवळचं एल्ट्झ घराणं बघा ना! ११५७ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्ट्झ साक्षीदार आहे, पुढे १२६८ मध्ये तिघा भावांनी वाटणी केली पण किल्ला सोडला नाही, प्रत्येक शाखेचं घर वेगळं आणि मधलं अंगण सामाईक, आणि ते अजून तसंच दिसतं. १३३१ पासून पाचेक वर्षं ट्रियरचा धर्मगुरू आणि तिथला राज्यकर्ताही असलेल्या आर्चबिशप बाल्डुइनशी झुंजले, त्याने समोरच्या उंचवट्यावर वेढ्यासाठी ट्रुट्झएल्ट्झ नावाचा किल्लाच बांधला, शेवटी नमतं घ्यावं लागलं. पण टिकले, किल्ला आजही एल्ट्झांचाच आहे!