मदत हवी आहे: वायुदलाची विमानं १/७२ मध्ये (१९७१ चं मिग-२१, शेखोंचं नॅट, तिरंगी चिन्हं)

नमस्कार मंडळी,

आम्ही प्लॅस्टिक मॉडेल करणाऱ्या काही जणांनी मिळून एक मोठं काम अंगावर घेतलंय. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, म्हणजे २०३२ मध्ये शंभरी. तोपर्यंत अगदी सुरुवातीच्या वापिटीपासून राफेलपर्यंतची विमानं एकाच मापात, १/७२ मध्ये (म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी), एका सलग टेबलावर मांडायची आहेत. गटात शाळेतली मुलं आहेत, कॉलेजची आहेत, आणि ओझरच्या कारखान्यात मिगच्या जोडणीवर उमेदीची वर्षं घालवलेले एक काकाही आहेत. त्यांच्यामुळे पोरांना बोल्ट कुठल्या बाजूने बसतो इथपर्यंत विचारायची सवय लागली आहे.

पहिल्याच बैठकीत एक नियम ठरला. 'एक मिग', 'एक हंटर' असं मोघम काही करायचं नाही. विमान कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या वर्षातलं, हे आधी ठरवायचं आणि त्याचा फोटो समोर असल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात मजुमदारांच्या १ नंबर स्क्वाड्रनने लायसँडरसारख्या टेहळणीच्या विमानांना बॉम्ब लावून हल्ले केले. मे १९४८ मध्ये मेहेर सिंगांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला डाकोटा उतरवलं. अशा ठिकाणी विमानाचा तो दिवसच मॉडेलमध्ये दिसायला हवा, नाहीतर गोष्ट सांगणार कशी?

वाटप बरंचसं झालंय. अडलंय ते असं:

१) माझ्या वाट्याला १९७१ चं मिग-२१ एफएल (मिग-२१ चा एक प्रकार) आलंय. युद्धाच्या तोंडावर काही स्क्वाड्रनच्या चंदेरी मिगांवर जागच्या जागी, मिळेल त्या हिरव्या रंगाने पट्टे आणि डाग फासले होते. एअरब्रशने केलं तर ते फारच गुळगुळीत आणि कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. हाताने केलं तर बघणाऱ्याला वाटणार, रंगवताच आलेलं नाही. घाईतलं काम हे घाईतलं काम म्हणूनच दिसावं आणि मॉडेल मात्र नीट दिसावं, हे कसं जमवायचं? शिवाय त्याच्या पोटाखाली काय लावू: तोफेचा पॉड (बाहेरून टांगायचा डबा) की इंधनाची टाकी?

२) गटातल्या एका मुलाला निर्मलजितसिंग शेखोंचं नॅट करायचंय. वायुदलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, त्यामुळे हे मॉडेल टेबलाच्या मध्यभागी राहणार. त्याच्या घरी एअरफिक्स कंपनीचं १/७२ नॅटचं किट पडून आहे. ते चालेल का?

३) डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं. हंटर, कॅनबेरा, डाकोटा, सगळ्यांना तिरंगी चिन्हं लागणार. घरच्या प्रिंटरवर छापून पाहिलं. साध्या कागदावर केशरी झकास दिसतो, गडद हिरव्या रंगावर डिकल बसवलं की पार विझून जातो.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. फोटोंचे संदर्भ दिलेत तर फारच उत्तम.

प्रतिसाद १

फार सुंदर उपक्रम. मिगबद्दल लिहितो, कारण हे विमान मी दोन-तीन मापांत केलेलं आहे.

आधी किट एफएलच्या जवळचं आहे ना, ते बघा. बाजारात जास्त करून मिग-२१ चे एमएफ आणि बिस हे नंतरचे प्रकार मिळतात. एमएफची पाठ जाड असते आणि पंखांखाली चार पायलॉन (शस्त्रं किंवा टाक्या टांगायचे खांब) असतात. एफएलची पाठ बारीक आणि पायलॉन दोनच. पीएफ किंवा पीएफएम या प्रकारांचं किट घेतलंत तर कमी काम करावं लागेल. एमएफवर हिरवे पट्टे काढून १९७१ चं एफएल म्हणून ठेवलंत तर तुमचे ओझरचे काका लांबूनच ओळखतील.

आता रंग. इथे गणित करा. जमिनीवरच्या माणसाच्या हातात समजा १० सेंटिमीटर रुंदीचा ब्रश होता. १/७२ मध्ये तो साधारण १.४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे तुमच्या मॉडेलवर ब्रशचा जो फराटा दिसेल तो तेवढ्याच रुंदीचा हवा. हाताने रंगवलेलं मॉडेल 'कच्चं' दिसतं, कारण फराटे मापाबाहेर मोठे असतात. चपट्या टोकाचा, दीड मिलिमीटरच्या आतला ब्रश घ्या. चंदेरी थर पूर्ण वाळू द्या, त्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात द्या, मग ॲक्रिलिक हिरवा पातळ करून एकेक फराटा शेजारी शेजारी ओढत पट्टा भरा. काही ठिकाणी दोन फराट्यांमधून खालची चांदी किंचित डोकावू द्या. पट्ट्यांच्या कडा तुटक आणि ठळकच ठेवा, धूसर करू नका. चुकलंच तर खालचा ग्लॉस आहे म्हणून ओल्या कापसाने लगेच पुसता येतं.

दुसरी गोष्ट, फासणारा माणूस शिडीवर किंवा पंखावर उभा असतो. हात पोचतो तिथे रंग दाट लागतो, शेपटीच्या टोकाकडे विरळ होतो. फोटोत हे दिसतं का पाहा आणि दिसलं तर तेही येऊ द्या. ते आलं की बघणाऱ्याला कौशल्य कमी पडल्याचं वाटणार नाही.

पोटाखालचं उत्तर तुमच्याच नियमात आहे: कुठला दिवस? एफएलला पोटाखाली एकच पायलॉन. टाकी लावली की तोफ नाही, तोफ लावली की टाकी नाही. मूळ एफएलमध्ये तोफच नव्हती, म्हणून जीपी-९ हा पॉड आला. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरच्या ४७ स्क्वाड्रनच्या सोनींनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं ते तोफेने. ते विमान करणार असाल तर जीपी-९ हवाच. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेलं २८ स्क्वाड्रनचं विमान करणार असाल तर पंखांखाली ५७ मिलिमीटर रॉकेटांचे यूबी-१६ पॉड लावा, एकेकात सोळा नळ्या. त्या नळ्यांची तोंडं १/७२ मध्येही ड्रिलने खोल करा. सपाट ठेवली तर सगळ्यात आधी तीच डोळ्यांत खुपतात.

प्रतिसाद २

नॅटसाठी थांबा! एअरफिक्सचं १/७२ नॅट म्हणजे टी.१, दोन आसनी प्रशिक्षण विमान, ब्रिटिशांचा कसरती करणारा रेड ॲरोज हा चमू उडवायचा ते. शेखों १८ स्क्वाड्रनमध्ये होते आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून एक आसनी लढाऊ नॅट घेऊन उडाले. मागची कॉकपिट बुजवून काम होईल असं वाटतं, पण टी.१ चं धड लांब आणि पंखही मोठा आहे. कापाकापी करूनही प्रमाण जुळणार नाही, आणि मध्यभागी ठेवायच्या मॉडेलला ते शोभणार नाही. एक आसनी नॅटचं किट मिळवा. मुलाला मात्र घरचं किट फेकायला लावू नका. सँडिंग, पुट्टी आणि चंदेरी रंगाचा सराव त्यावरच होऊ दे.

एक सुचवते: शेखोंच्या नॅटशेजारी लिबरेटर (बी-२४, चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान) ठेवा. आकाराने पोरं थक्क होतील. एक आसनी नॅटचा पंख १/७२ मध्ये नऊ सेंटिमीटरच्या आसपास, लिबरेटरचा ४६ च्या वर. आणि ती गोष्टही सांगायलाच हवी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत काढलेली बी-२४ आपल्या लोकांनी उभी केली, एचएएल या विमान कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली, तिथे दुरुस्त होऊन ती वायुदलात १९६८ पर्यंत राहिली. पुण्यातल्या मंडळींना तर हे विमान आपलंच वाटायला हवं, ६ नंबर स्क्वाड्रन ती पुण्याहूनच उडवायची.

प्रतिसाद ३

डिकलचं कारण सोपं आहे. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही आणि बाकीची शाई अर्धपारदर्शक असते. कागदाचा पांढरेपणा खालून होता म्हणून केशरी झळकला. पारदर्शक डिकलखाली गडद हिरवा आला की तोच वर येणार.

छोट्या विमानांसाठी: जिथे चिन्ह येणार तिथे आधी पांढरा गोल रंगवा, चिन्हापेक्षा केसभर लहान, म्हणजे कडेला पांढरी रेघ दिसणार नाही. त्यावर पारदर्शक डिकल. इंकजेट असेल तर पाण्यात घालण्याआधी वार्निशचे हलके दोन हात द्यायला विसरू नका, नाहीतर शाई पाण्यात उतरेल.

डाकोटा, लिबरेटर, कॅनबेरा यांना मी डिकल लावणारच नाही. मास्किंग टेपवर सर्कल कटरने गोल कापा आणि एअरब्रश करा: आधी पूर्ण पांढरा गोल, मग मध्ये केशरी, शेवटी बाहेरची हिरवी कडी. केशरीत पांढऱ्याचा एखादा थेंब टाका, लहान मापात शुद्ध रंग भडक दिसतो.

आणि काळ सांभाळा. ब्रह्मदेशातल्या हरिकेनवर तांबडा नकोच. जपान्यांच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढून टाकला होता, नुसता गडद आणि फिका निळा राहिला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचं चिन्ह होतं, तिरंगी गोल त्यानंतरचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. १.४ मिलिमीटरचं गणित मी गटात वाचून दाखवलं आणि लगेच सगळ्यांनी आपापले ब्रश पट्टीवर मोजायला घेतले.

माझा दिवस ठरला: १२ डिसेंबर, जामनगर, जीपी-९ सह. ढाक्याचं विमान काकांच्या देखरेखीखाली दुसरी एक मुलगी करणार आहे, म्हणजे दोन्ही मिग शेजारी शेजारी उभी राहतील आणि पोटाखालचा व पंखाखालचा फरक सांगावा लागणार नाही. नॅटवाल्या मुलाला आधी वाईट वाटलं, पण सरावाच्या किटवर त्याने चांदी चढवायला सुरुवातही केली आहे.

लिबरेटर यादीत घातलं, मात्र अजून कुणी उचललेलं नाही. चार इंजिनं, भरपूर काच, मास्किंगचं काम खूप आहे. धाग्यावरच्या कुणाची तयारी असेल तर सांगा. आणि मारुतबद्दल वेगळा प्रश्न: कुर्ट टँक यांनी रचलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं विमान, त्याशिवाय हे टेबल मांडायचं नाही असं आम्ही ठरवलंय. एअरफिक्स, रेव्हेल, तामिया या मॉडेल कंपन्यांनी त्याचं किट काढलेलं नाही, म्हणून थ्रीडी प्रिंट करायचा विचार आहे. प्रिंटच्या थरांच्या रेघा घासताना पॅनल लाइनही (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या रेघा) पुसल्या जातात. आधी घासून, प्रायमर मारून, मग रेघा नव्याने कोरायच्या की फाइलमध्येच त्या जास्त खोल ठेवायच्या? कुणी केलं असेल तर कुठल्या नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात केली, तेही लिहा.