मदत हवी आहे: आईच्या पायातली रक्तवाहिनी बंद, आधी चालणं की थेट अँजिओप्लास्टी?

नमस्कार मंडळी,

इथे मधुमेहावरचे धागे बरेच वाचले, पण पायाच्या रक्तवाहिन्यांवर फारसं सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

आई ६४ वर्षांची. तासगावजवळ गावी भावाकडे असते, मी सांगलीत विश्रामबागला. मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू. विडी-सिगारेटचा प्रश्न नाही, पण मिश्री! सकाळ-संध्याकाळ तर असतेच, अलीकडे दुपारीही.

दुखणं असं: घरातून डेअरीत दूध घालायला निघाली की ग्रामपंचायतीच्या कट्ट्यापर्यंत जाते आणि उजवी पोटरी गच्च धरते. किटली खाली ठेवून उभी राहते, दोन-तीन मिनिटांत कळ जाते, पुन्हा चालते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर थांबते. हे वर्षभर मणक्याचं म्हणून चाललं होतं. गादी सरकलीय म्हणून कमरेला पट्टा, गोळ्या, शेक, सगळं झालं. मणक्याचं दुखणं बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबतं, हिचं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, हा फरक आम्हाला पुढे मिरजेतल्या डॉक्टरांनी सांगितला. आधीच्या ठिकाणी कुणी पावलावर हात ठेवून नाडीसुद्धा पाहिली नव्हती, याचा राग अजून आहे.

मिरजेत घोट्याचा आणि दंडाचा बीपी घेऊन त्यांचं गुणोत्तर काढलं. उजवीकडे ०.५८, डावीकडे ०.८६ (०.९ च्या खाली आजार धरतात म्हणे). कलर डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) उजव्या मांडीतली मुख्य वाहिनी बंद आहे, खाली गुडघ्यापाशी बाजूच्या वाहिन्यांतून थोडं रक्त येतंय. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६, म्हणजे वाढलेलं. पायाला जखम नाही. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गार लागतं आणि अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालंय.

आता घोळ असा की दोन डॉक्टर, दोन मतं.

पहिले म्हणतात, वेळ घालवू नका, अँजिओग्राफी करून लगेच वाहिनीत फुगा घाला (म्हणजेच अँजिओप्लास्टी), लागला तर स्टेंट. दुसरे म्हणतात, जखम नाही तर घाई कशाला? ॲस्पिरीन, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन आणि वाहिन्या रुंदावणारी सिलोस्टॅझॉल चालू करा आणि रोज चालवा. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की परत चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. त्यांचं म्हणणं, मांडीतली वाहिनी फुग्याने उघडते पण पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच आहे. शिवाय किडनी आधीच कुरकुरतेय, त्यात अँजिओग्राफीचं औषध.

मला दुसरं मत पटतंय. भावाला पहिलं पटतंय. आईला दोन्ही पटत नाहीत. "आगं, वयच झालं आता" एवढंच. आणि मिश्री सोड म्हटलं तर, "मिश्री लावल्याबिगर मला परसाकडला हुत न्हाई." यावर काय बोलणार!

तर प्रश्न:
गोळ्या आणि चालण्याने खरंच फरक पडलेलं कुणी घरात पाहिलंय का? सिलोस्टॅझॉल सुरू केल्यापासून तिचं डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हे कमी होतं का? मिश्री कशी सोडवलीत? आणि अँजिओप्लास्टी करायचीच झाली तर महात्मा फुले योजनेत बसते का?

शेजारच्या काकूंनी व्हेरिकोजचे घट्ट मोजे आणून दिलेत. घालू का?

प्रतिसाद

मोजे आधी काढून ठेवा! ते शिरांच्या आजारासाठी असतात. इथे धमनीतूनच रक्त कमी येतंय, त्यावर बाहेरून दाब दिला तर आहे तेही अडेल. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक हेही बंद. मधुमेहात तळव्याची संवेदना बऱ्याचदा गेलेली असते, भाजलेलं कळत नाही. आमच्या मामांचं बोट असंच गेलं.

चालण्याचा उपयोग होतो, आमच्या घरी झाला. पहिला महिना काहीच वाटलं नाही, नंतर अंतर हळूहळू वाढलं. मात्र सोबत कुणीतरी हवं, एकटा माणूस दुखलं की घरी परततो.

मिश्रीबद्दल: एकदम तोडू नका म्हणणारे भेटतील, पण निकोटीनने वाहिन्या आवळतात, तेव्हा सोडायला हवीच. सासूबाईंची सुटली ती निकोटीनच्या च्युइंगमवर (अर्थात डॉक्टरांना विचारून). आणि परसाकडसाठी इसबगोल. तीच खरी अडचण होती!

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे, पण तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, त्यामुळे हे फक्त विचारण्यासारखं.

सिलोस्टॅझॉल हार्ट फेल्युअर असलेल्यांना देत नाहीत. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? नसेल तर ते पाहूनच गोळी चालू ठेवायची का ते ठरवा, धडधड होतेय म्हणजे आजच फोन करा. डोकेदुखी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दोन तासांनी असते, पुष्कळजण जेवणाबरोबर घेतात.

दुसरं, जुन्या मधुमेहात घोट्याच्या वाहिन्या कॅल्शियमने कडक होतात, त्यामुळे गुणोत्तर आहे त्यापेक्षा चांगलं दिसू शकतं. पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलेलं नाही: रात्री झोपल्यावर पाऊल दुखतं का? पाय कॉटखाली सोडून बसल्यावर बरं वाटतं का? नुसतं चालताना दुखत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर, घाई नाही. पण झोपेत दुखत असेल तर आजार पुढच्या टप्प्यावर गेलाय, पाय धोक्यात आहे. मग तीन महिने चालून बघू म्हणायची सोय राहत नाही, रक्तपुरवठा उघडावाच लागतो, फुग्याने किंवा बायपासने.

योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी आधी घ्यावी लागते, ऑपरेशननंतर गेलात तर उपयोग नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. मोजे काढले.

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून लगेच वहिनीला फोन केला. तिनं आईला विचारलं. दिवाळीपासून रात्री दोन-तीन वाजता उठून कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसते म्हणे. वहिनीला वाटायचं लघवीला उठतात. आईनं सांगितलं नाही, कारण "खाली सोडला की ऱ्हातंय की." खाली सोडला की पाऊल लालसर होतं आणि वर घेतला की पांढरं पडतं, हेही वहिनीनं आज पाहिलं.

भाऊ उद्या सकाळी तिला घेऊन येतोय. रिपोर्ट सगळे घेऊन थेट मिरजेला जाणार, अंगठ्याचा दाब आणि एको तिथेच सांगतो. एक शेवटचं: अँजिओग्राफी होणार म्हणून तिची मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, आजपासूनच बंद करू का?

प्रतिसाद

स्वतःहून काहीही बंद करू नका, ॲस्पिरीन तर अजिबातच नाही. क्रिएटिनिन १.६ आहे हे गेल्या गेल्या सांगा, मेटफॉर्मिन कधी थांबवायची ते तेच ठरवतील. आणि उद्यापर्यंत थांबताना रात्रीत पाऊल अचानक पांढरंफटक, गार पडलं, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. तसं झालं तर हातात फार तर पाच-सहा तास असतात.