जागेवरून सरळ वर उडणारी लढाऊ विमानं : सरकारने पैसा घालावा का?

दाबोळीकर :
आमचं घर वास्कोत. २०१६ पर्यंत नौदलाची सी हॅरियर दाबोळीला उतरायची, हवेत थबकून, कानठळ्या बसवत. या विमानाला जन्माच्या वेळी मायदेशाच्या सरकारने वाऱ्यावर सोडलं होतं, याची मला अजून चीड येते. १९५७ साली ब्रिटिश संरक्षणमंत्री डंकन सँडीज म्हणाले, यापुढे क्षेपणास्त्रं पुरतील, वैमानिकाची नवी लढाऊ विमानं जवळपास नकोतच. त्याच वर्षी हॉकर कंपनीत मुख्य रचनाकार सिडनी कॅम यांच्या हाताखाली पी.११२७चं, म्हणजे हॅरियरच्या पहिल्या रूपाचं, काम सुरू झालं, कंपनीच्या खिशातून. त्याच्या पेगॅसस इंजिनाचा तीन चतुर्थांश खर्च अमेरिकी मदत योजनेने उचलला. सरकारने पहिल्या दिवसापासून पाठीशी राहायला हवं होतं.

हिशेबी :
मला उलटं दिसतं. पैसा तुटपुंजा होता म्हणूनच विमान साधं राहिलं : एक इंजिन, त्याचे खाली-मागे फिरणारे चार झोत. सरकार शिरल्यावर काय झालं? ध्वनीपेक्षा वेगवान पी.११५४ हवं झालं. हवाई दलाला एक हवं, नौदलाला दुसरंच. १९६५ मध्ये सगळं गुंडाळलं. फ्रान्सच्या मिराज ३व्ही मध्ये नुसतं वर उचलायला आठ इंजिनं होती, एरवी ती मेलेलं ओझं. पश्चिम जर्मनीने तीन वेगवेगळी विमानं उडवली, सेवेत एकही आलं नाही. हा करदात्यांचा पैसा होता हो.

खलाशी :
हिशेबीसाहेब, पी.११२७ ते हॅरियर हा रस्ता कोणाच्या पैशाने झाला? ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनीने मिळून नऊ केस्ट्रेल, म्हणजे पी.११२७ची सुधारलेली चाचणी-विमानं, घेतली, तिन्ही देशांचे वैमानिक एका तुकडीत बसवले आणि १९६५ मध्ये शेताडीतून, गवतावरून उडवून पाहिली. १९६९ मध्ये हॅरियर ब्रिटिश हवाई दलात आलं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियरनी वीस विमानं पाडली, हवाई झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही. तेव्हाची ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मिस’ म्हणजेच नंतरची आपली ‘विराट’. एवढ्याशा डेकवरून दुसरं कोणतं जेट लढलं असतं?

हिशेबी :
फॉकलंड मान्य. पण आपल्या नौदलाची निम्म्याहून जास्त सी हॅरियर अपघातांत गेली. पंखे वळवून सरळ वर उडणाऱ्या अमेरिकेच्या ऑस्प्रे विमानाचंही तेच. डिक चेनी अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना तो प्रकल्प बंद करायला निघाले होते, तिथल्या संसदेने पैसा चालूच ठेवला. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात ऑस्प्रेच्या एकाच अपघातात १९ मरीन सैनिक गेले. एकदा सुरू झालेला प्रकल्प थांबवायची हिंमत सरकारांत नसते, माझा आक्षेप तिथे आहे.

दाबोळीकर :
त्या अपघातांवर मी वाद घालणार नाही. वास्कोत त्या बातम्या घरच्यासारख्या लागायच्या. पण केस्ट्रेलकडे परत बघा. मोजकी विमानं, ठरलेली मुदत, आधी उड्डाण, मोठी ऑर्डर नंतर. पी.११५४ तर उडण्याआधीच मागण्यांखाली दबलं. सरकारने असा केस्ट्रेलसारखा पैसा घातला तर तुमची हरकत राहील?

हिशेबी :
थांबायची तारीख करारात लिहिलेली असेल, आणि ती पुढे ढकलायला संसदेत मतदान लागणार असेल, तर नाही.