१४ वर्षांच्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं का? की चतुर्थीपर्यंत थांबायचं? मदत हवी आहे

चार दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, होत नाहीये. आमचा बंड्या, गावठी कुत्रा, वय १४, त्याच्या किडन्या गेल्यात. गाव देवगड तालुक्यात, घरात मी, बायको आणि आई. बंड्या खरं तर दादाचा. २०११ च्या मे महिन्यात दादाने त्याला आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून आणलं होतं, तळहाताएवढा होता. मग दादा नोकरीला डोंबिवलीला गेला आणि हा राहिला आमच्याकडे. कलमांच्या बागेत वानरं हाकवायचं काम त्याने जवळजवळ बारा वर्षं केलं, पगाराचा माणूस करणार नाही असं.

जूनमध्ये तो पाणी फार प्यायला लागला आणि सारखा लघवीला जायचा, आम्ही म्हटलं वय झालं. मग खाणं कमी, उलट्या, तोंडाला उग्र वास. मधे मागचे पाय दुखतायत असं वाटून मीच त्याला दोन दिवस घरातली माणसांची दुखण्याची गोळी दिली. नंतर डॉक्टर म्हणाले की असल्या गोळ्या कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, कधीच द्यायच्या नाहीत. आजार त्याच्या आधीपासूनचाच होता असंही ते म्हणाले, पण माझ्या डोक्यातून जात नाही. कोणाच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

कोल्हापूरला नेऊन रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या किती काम करतात ते दाखवणारा आकडा, ६.८ आलं. ५ च्या वर गेलं म्हणजे शेवटची, चौथी स्टेज. घाटात गाडीत तीनदा उलटी झाली, आता पुन्हा एवढा प्रवास त्याला घडवणार नाही. सध्या इथले डॉक्टर एक दिवसाआड येतात, मानेच्या मागे कातडीखाली सलाईन सोडतात. तिथे पाण्याची गाठ येते, ती हळूहळू पुढच्या पायाकडे उतरते आणि जिरते. सुरुवातीला सलाईननंतर दोन दिवस बरा असायचा, उठून खळ्यात फेरी मारायचा. आता जेमतेम चार-पाच तास. हिरड्यांवर फोड आलेत त्यामुळे बांगड्याचा काटा काढून दिला तरी तोंड फिरवतो, आणि हा कुत्रा मासळीवाल्या बाईचा आवाज ऐकला की गेटवर उभा राहणारा होता हो. लाद्यांवरून पाय घसरतात म्हणून पडवीभर गोणपाट टाकलंय, पावसाने तेही वाळत नाही. रात्री आडवा होत नाही, मान खाली घालून बसून राहतो, धापा टाकतो.

नेटवर डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंची एक मोजपट्टी सापडली. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस जास्त की वाईट, अशा सात गोष्टी, प्रत्येकीला दहापैकी मार्क. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय म्हणायचं. मी आणि बायकोने वेगवेगळे मार्क दिले. माझे १९ आले, तिचे १६.

डॉक्टर स्वतःहून काही बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, माझा असता तर मी आता थांबवलं असतं.

आई ऐकत नाही. "मुको जीव तो, तेका इचारलंस काय? आपसून जातलो, तू कशाक पाप घेतंस." बाबा गेले तेव्हा बंड्या तेरा दिवस बाबांच्या खुर्चीखालून हलला नव्हता, ते ती विसरू शकत नाही. आणि दादा म्हणतो चतुर्थीला येतोच आहे, तोवर कसंही करून सांभाळ. आज ८ ऑगस्ट. चतुर्थी २७ ला. १९ दिवस. दादाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, पण रोज रात्री त्याच्याजवळ मी बसतो, दादा नाही, आणि हे १९ दिवस नक्की कोणासाठी काढायचे ते मला कळत नाहीये.

ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी सांगा, कधी कळलं की आता बस? घाई झाली असं नंतर वाटलं का? आणि इंजेक्शन देताना नक्की काय होतं?

अपडेट, ९ ऑगस्ट: सगळ्यांना मनापासून धन्यवाद, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. ज्यांनी लिहिलं की आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला लावा आणि तो पूर्ण झोपला की मगच दुसरं, त्यांचं ऐकून डॉक्टरांशी बोललो, ते तसंच करतात. अंगातलं पाणी कमी झालं की शीर सापडायला त्रास होतो म्हणून ते आधीच सुई लावून ठेवणार आहेत. नंतर डोळे उघडे राहतात, एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी होते, हेही त्यांनी आधी सांगून ठेवलं ते बरं झालं.

पुरायचं कुठे तेही बघितलं. औषध शरीरात राहतं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तेही मरतात, म्हणून खड्डा खोल हवा आणि विहिरीपासून लांब. आमच्याकडे हातभर मातीखाली जांभा, आणि सखल भागात आता खणलं की पाणी लागतं. वरच्या अंगाला पायरी आंब्याच्या कलमाजवळ माती बरी आहे, तिथे आज दोन गड्यांना घेऊन खणून ठेवलं, वर पत्रा टाकलाय.

काल रात्री दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन बंड्यासमोर धरला. दादाने हाक मारली. कान हलला, मान उचलली नाही. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला चतुर्थीची वाट नको बघू, मी येतो. आज रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघतोय, उद्या कणकवलीला उतरेल. डॉक्टर सोमवारी सकाळी येतायत.

आई अजून हो म्हणाली नाही. पण आज नारळी पौर्णिमेचा नारळीभात बाजूला ठेवून तिने आधी त्याच्यासाठी पेज केली आणि बोटाने त्याच्या तोंडाला लावत बसली होती, दोनदा चाटली त्याने.

एकच विचारायचं राहिलं. सोमवारी आईला जवळ बसू द्यावं की शेजारी पाठवावं? वय ७६, बीपी आहे. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं होती त्यांनी काय केलं ते उद्या रात्रीपर्यंत लिहा प्लीज.