सातवी-आठवीच्या विज्ञानाची उजळणी पालकाने कोठून सुरू करावी?

अबोली यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी यंदा आठवीत गेली आहे. तिची शाळा सेमी-इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते व बाकीचे विषय मराठीतून. मी स्वतः मराठी माध्यमातून दहावी झाले आणि पुढे वाणिज्य शाखेला गेले, त्यामुळे विज्ञानाशी माझा संबंध सुटून वीसेक वर्षे झाली आहेत. या वर्षी शिकवणी न लावता रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर मीच तिच्यासोबत बसावे, असे आम्ही घरात ठरवले.

पहिल्याच आठवड्यात माझी दोनदा फजिती झाली. तिने विचारले, "आई, भाजीवाला किलोत मोजतो ते मास की वेट?" मी म्हटले, वजन म्हणजे वेट. त्यावर तिने पुस्तक पुढे केले, तर तेथे वेटचे एकक न्यूटन दिलेले होते. दुसऱ्या दिवशी बटाटे उकडताना तिने विचारले की, पाणी उकळू लागल्यावर गॅस मोठा केला तर ते अधिक गरम होते का. मी बेधडक "होते" असे सांगितले आणि नंतर शोधल्यावर कळले की तेही चूक होते.

सूत्रे पाठ करून घेणे मला जमेल, परंतु माझ्याच डोक्यातील पाया कच्चा असताना तिला काय समजावणार? सहावी ते आठवीच्या संकल्पनांची मी स्वतः उजळणी करायची म्हटले तर कोठून सुरुवात करावी? पुस्तके इयत्तेप्रमाणे वाचावीत की विषयाप्रमाणे, आणि ती मराठी वाचावीत की तिची इंग्रजी? घरच्या घरी करता येण्यासारखे काही प्रयोग असतील तर तेही कृपया सुचवावेत. आम्ही पुण्यात राहतो.

खडू आणि फळा यांचे उत्तर

अबोलीताई, मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. आपली जी फजिती झाली ती माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुलांची होत असे, आणि तिचे कारण विज्ञानापेक्षा भाषेत अधिक आहे. वजन, उष्णता, वाफ, शक्ती, कार्य, श्वसन हे शब्द आपण घरात एका अर्थाने वापरतो आणि पुस्तक ते दुसऱ्या अर्थाने वापरते. ज्या शब्दांना घरात वेगळा अर्थच नाही, उदाहरणार्थ परागीभवन किंवा केंद्रक, तेथे मुले क्वचित चुकतात. म्हणून माझा सल्ला असा की, उजळणी या दुहेरी अर्थाच्या शब्दांपासून सुरू करावी.

वजनाचेच पाहा. तागडीच्या एका पारड्यात आपण जे लोखंडी तुकडे टाकतो त्यांना बाजारात "वजने" म्हणतात, पण तागडी खरे तर दोन वस्तूंच्या वस्तुमानांची तुलना करते. हीच तागडी चंद्रावर नेली तरी किलोभर बटाटे किलोभरच भरतील, कारण तेथे दोन्ही पारड्यांवरील ओढ सारखीच कमी होते. ताणकाटा मात्र तेथे पृथ्वीवरच्या आकड्याच्या सुमारे एक षष्ठांश आकडा दाखवील, कारण तो वस्तूवरील गुरुत्वाकर्षणाचे बल मोजतो. शास्त्रीय भाषेत वजन म्हणजे हे बल, आणि किलोभर बटाट्यांचे पृथ्वीवरील वजन सुमारे ९.८ न्यूटन असते. मुलीला तागडी आणि ताणकाटा यांतील फरक सांगावा. मास आणि वेट आपोआप वेगळे होतील.

दुसरी जोडी उष्णता आणि तापमान यांची. ही मी अशी शिकवीत असे : कपभर चहा, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, ८० अंशांवर आहे आणि बादलीभर, म्हणजे १५ लिटर, आंघोळीचे पाणी ४० अंशांवर आहे. दोन्ही निवून ३० अंशांवर आले तर चहाने किती उष्णता दिली? एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने बदलण्यास एक कॅलरी लागते, या हिशेबाने चहाची उष्णता ७,५०० कॅलरी आणि बादलीची १,५०,००० कॅलरी. अधिक गरम चहा, पण त्याने दिलेली उष्णता बादलीच्या विसावा हिस्सा! हा हिशेब मुलांना फळ्यावर स्वतः करू द्यावा लागतो. आपण सांगितलेला त्यांच्या लक्षात राहत नाही.

उकळत्या पाण्याचा प्रश्न याच्याच पुढचा. उकळू लागल्यावर दिलेली सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, एका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी, आणि तापमान तेथेच राहते. बर्फ वितळताना हीच गोष्ट ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी इतकी घडते. गॅस मोठा केल्याने पाणी लवकर आटते, बटाटे लवकर शिजत नाहीत.

प्रयोग म्हणाल तर प्रयोगशाळेत वापरतात तो, उणे १० ते ११० अंशांचा तापमापक शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आणावा. ताप मोजण्याचा काचेचा तापमापक उकळत्या पाण्यात घालू नये, तो फुटतो. बर्फ ढवळत मंद आचेवर ठेवावा आणि मुलीने दर मिनिटाला आकडा लिहावा. दुसरा प्रयोग फुकटचा आहे : चहाच्या किटलीच्या तोटीकडे बाजूने पाहावे. तोटीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ज्याला आपण वाफ म्हणतो ते संघनन होऊन तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात.

रात्रीची अभ्यासिका यांचे उत्तर

मी राज्यसेवेची तयारी करणारा कला शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे हीच उजळणी मला पंचविसाव्या वर्षी करावी लागली. बालभारतीच्या संकेतस्थळावर सर्व इयत्तांची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत मोफत उतरवून घेता येतात. मी आधी सहावीपासून एकेक पुस्तक सलग वाचले आणि दोन महिन्यांनी लक्षात आले की काहीच एकमेकांना जोडले गेलेले नाही. नंतर विषय धरून वर चढलो. सातवीत "उष्णता" हा पाठ आहे, आठवीत "उष्णतेचे मापन व परिणाम" आणि दहावीत पुन्हा "उष्णता". हे तिन्ही एका बैठकीत वाचले की वरच्या इयत्तेने खालच्या इयत्तेत काय मुद्दाम सोडून दिले होते ते दिसते. आपली मुलगी आठवीत असली तरी ताई, आपण स्वतः दहावीचा पाठ चाळावा, म्हणजे तिच्या पुढच्या प्रश्नाला आपण आधीच तयार असाल.

पाठ उघडण्यापूर्वी त्या विषयावर मला काय वाटते ते मी चार ओळींत लिहून ठेवतो आणि वाचून झाल्यावर लाल शाईने तपासतो. विजेच्या पाठात माझी वही पूर्ण लाल झाली होती. वीजबिलातील युनिट हे शक्तीचे माप आहे असे मी लिहिले होते, आणि ते निघाले ऊर्जेचे. एक किलोवॅट शक्तीचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालवला तरी एक युनिट आणि नऊ वॅटचा दिवा एकशे अकरा तास चालवला तरी जवळपास एक युनिट. मुलीला घरचे बिल हातात देऊन हा पाठ शिकवावा, असे मला वाटते.

गाइडमधील "फरक स्पष्ट करा" हे तक्ते मात्र अगदी शेवटी पाहावेत. फरक आधी पाठ केला तर वस्तू समजून घेण्याची घाई राहत नाही.

वाळा यांचे उत्तर

वरील उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु माध्यमाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. माझा मुलगाही सेमीत होता आणि मराठी परिभाषेचे ओझे त्याच्यावर घालू नये असे माझे मत होते, कारण उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची होती. ते मत मी आता निम्मे बदलले आहे. बाष्पीभवन हा शब्द ऐकल्यावर मराठी मुलाला "बाष्प होणे" निदान अर्धे तरी कळते, आणि इव्हॅपोरेशन हा त्याच्यासाठी केवळ एक लांबलचक आवाज असतो. मात्र श्वसन या शब्दाने आम्हाला फार छळले. श्वसन म्हणजे नाकाने श्वास घेणे असे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते, त्यामुळे झाडे रात्रीच श्वसन करतात आणि दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, अशी त्याने वाटणी करून टाकली होती. श्वसन ही पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची क्रिया आहे आणि झाडाच्या जिवंत पेशींत ती दिवसरात्र चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्याने ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, एवढेच.

"खत म्हणजे झाडाचे अन्न" हे दुसरे घरगुती वाक्य. यासाठी हेल्मोंटची गोष्ट सांगावी. सतराव्या शतकात या बेल्जियन वैद्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली ती अवघी दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात आलाच नाही, आणि गंमत अशी की "गॅस" हा शब्द रूढ करणारा माणूस हाच! आठवीच्या मुलांना मोठ्या माणसाची चूक शोधायला फार आवडते.

आम्ही नागपूरचे, म्हणून बाष्पीभवनासाठी आमच्याकडे कूलर आहे. मे महिन्यात कोरड्या हवेत ओल्या ताट्यांतून आलेला वारा गार लागतो आणि जुलैत तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा असूनही खोली नुसती दमट होते. हवेत आधीच बाष्प भरपूर असले की पाणी उडण्याचा वेग मंदावतो, हे मुलाला पुस्तकापेक्षा जुलैतल्या त्या चिकचिकीने शिकवले. पुण्यात माठावर हेच करून पाहता येईल.

खडू आणि फळा यांचे उत्तर

वाळा यांनी श्वसनाचे नेमके सांगितले. ऋतूंचा पाठही याच जातीचा आहे, म्हणून एक भर घालतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते असे मुलेच काय, शिक्षकही सांगताना मी ऐकले आहे. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे आपल्या थंडीत. आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. पुण्यात मेच्या मध्यास एके दिवशी मध्यान्हाला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गच्चीवर पाण्याचा पाइप उभा करून तो दिवस मुलीला दाखवावा.

अबोली यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी तापमापक आणला आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे बर्फाचा प्रयोग केला. दोन ट्रे बर्फ आणि थोडे पाणी स्टीलच्या पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर ठेवले. मी चमच्याने ढवळत होते आणि लेक मिनिटामिनिटाला आकडा लिहीत होती. पहिल्या मिनिटाला ०, दुसऱ्याला ०, तिसऱ्याला १, चौथ्याला पुन्हा ०. पाचव्या मिनिटाला ती वैतागून म्हणाली की तापमापक बंद पडला आहे. तेवढ्यात शेवटचा खडा विरघळला आणि पुढच्या मिनिटाला आकडा एकदम १३ वर गेला. तिने वहीत ० च्या रांगेभोवती चौकट काढली आणि शेजारी "गॅस चालू होता" असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ८० कॅलरींचा अर्थ मला त्या दोन रेघांत कळला.

आता नवी अडचण. तेच पाणी पुढे उकळू दिले तर आकडा ९८ वर थांबला. फुगा तळाला टेकू दिला नव्हता, पाणी चांगले खळाखळा उकळत होते, आणि गॅस मोठा करूनही तो ९८ च राहिला. पुस्तकात १०० अंश दिलेले असल्याने तापमापक सदोष आहे असे समजून तो परत करावा का?

खडू आणि फळा यांचे उत्तर

तो परत करू नये, ताई. बर्फात त्याने शून्य दाखवले, म्हणजे निदान खालचा बिंदू बरोबर आहे, आणि ९८ हेही पुण्याचे योग्यच उत्तर आहे. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, आणि साधारण ३०० मीटरला एक अंश या हिशेबाने उत्कलनबिंदू खाली येतो. कुकरमध्ये याच्या उलट घडते : आतला दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि म्हणूनच डाळ लवकर शिजते. दाबाचा पाठ आठवीत आहेच. आपण तो न उघडताच त्याच्या दारात जाऊन पोहोचला आहात.

अबोली यांचे उत्तर

हे उत्तर लेकीला वाचून दाखवले. तिचा सरांवर पुरता विश्वास बसलेला नाही. दिवाळीत आम्ही रत्नागिरीला तिच्या आजोळी जाणार आहोत आणि तेथे समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणून तापमापक आतापासूनच जुन्या मोज्यात गुंडाळून तिने आपल्या बॅगेच्या कप्प्यात ठेवला आहे. आजीच्या चुलीवर किती आकडा येतो ते येथे कळवीन.