कवी असलेल्या सरांचा (किंवा बाईंचा) तास: तुमचे अनुभव

रानजाई
आज पोह्यांसाठी कांदे चिरताना अचानक सर आठवले. एफवायला मराठीच्या तासाला त्यांनी टेबलावर कांदा ठेवला, म्हणाले, यावर दहा ओळी. डोळे आणि पाणी हे शब्द आणायचे नाहीत. सत्तर जण ढिम्म. मग एका मुलीने लिहिलं, कांद्याला भाव आला की वडील घरात मोठ्याने बोलतात, पडला की कुणीच बोलत नाही. सरांनी ते दोनदा वाचलं आणि उरलेला तास नुसते खिडकीशी उभे.

त्यांच्याकडे बोर्नव्हिटाचा रिकामा डबा असायचा. कवितेत चंद्र, पाऊस, आसवं आली की रुपया दंड. जुलैत डबा गच्च! वर्षाअखेरीस त्याचं भडंग. सरांच्या स्वतःच्या कवितेत पाऊस हटकून यायचा, तेव्हा गुपचूप पाचचं नाणं टाकायचे.

तुम्हाला असं कुणी भेटलं? की तुम्हीच ते सर?

चहाबाज
भडंग सांगलीचं की जयसिंगपूरचं? आधी हे सांगा.

रानजाई
सांगलीचं. वाद नको :)

तासिकावाला
मीच तो सर. दोन संग्रह, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, आठवं वर्ष. मानधन सहा-सहा महिने तुंबतं. पण कॉलेजात कवी आहे म्हटल्यावर स्वागतगीत, सूत्रसंचालनाच्या चारोळ्या, अध्यक्षांच्या वाढदिवसाचं मानपत्र, सगळं माझ्या गळ्यात. कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅक समिती यायची म्हणून सर्जनशील लेखन कार्यशाळेचा अहवाल मागितला. कार्यशाळा झालीच नव्हती. फोटोपुरतं पोरांना पेन धरून बसवलं. त्यात मागच्या बाकावरच्या एकाने खरंच लिहिलं, ट्रॅक्टरच्या हप्त्यावर. अजून फोनमध्ये आहे.

माईचीलेक
मानधनाचं वाचून कसंतरी झालं हो. आमच्याकडेही प्राध्यापक-कवी आहेत. गॅसच्या पावतीवर लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहितात. एकदा चाचणीच्या तपासलेल्या गठ्ठ्यात चार ओळी वर्गात गेल्या. एक मुलगा परत घेऊन आला, "सर, हे माझं नाही, पण बरं आहे." दोन दिवस आमचे हे त्या 'बरं'वर धुमसत होते. कुकर झाला, पळते.

खडूस वाचक
कविता शिकवता येते हे मला पटत नाही. आमच्या सरांनी माझी वही वाचली, म्हणाले, छान, आता फाडून टाक. फाडली. आता बँकेत आहे.

वाटसरू
खडूसराव, लिहायला शिकवता येत नसेल, पण कान तयार होतो. आमच्या बाई बाकावर बोटं आपटत भुजंगप्रयात शिकवायच्या, लगागा लगागा लगागा लगागा. मनाचे श्लोक लहानपणापासून पाठ, पण ते याच वृत्तात आहेत हे तिथे कळलं. आणि शांताबाई शेळके हिस्लॉप, रुईया, परळचं महर्षी दयानंद अशा कॉलेजांत शिकवत गेल्या, वसंत बापट रुईयात, विंदा तर इंग्रजी शिकवायचे. तेव्हा सर्जनशील लेखनाचा पेपर कुठे होता? (लोकलमध्ये टाइप करतोय, चुका पोटात घाला.)

चहाबाज
लगागा लगागा, दादर आलं उतरा गा.

कृष्णाकाठ
आमचे सर दर संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला न्यायचे. एका वर्षी स्वतःच्या वाचनाला चष्मा घरी विसरले. पाठ म्हणायला लागले, मधलं कडवं आठवेना, तिथल्या तिथे नवीन जोडलं. टाळ्या त्यालाच पडल्या. परतताना एसटीत आमच्यापैकी कुणाला ते आठवतंय का म्हणून विचारत होते. तिळगूळ खाण्यात कोण ऐकतंय!

माईचीलेक
अरेरे, गेलं की ते कडवं!

खडूस वाचक
वही फाडली तरी एक ओळ पाठ आहे. सांगणार नाही.

रानजाई
त्यात पाऊस आहे ना? रुपया काढा.

खडूस वाचक
दोन. चंद्र पण आहे.

तासिकावाला
डब्याची आयडिया आज वर्गात सांगितली. पोरं विचारतात, सर, सुट्टे नाहीत, स्कॅनर लावता का?