हेल्पर जेवतच नाहीये, कोणी सांगेल का

फ्रॉम: मेघना (पुंगोल)

नमस्कार मंडळी, मुलाला झोपवून घाईत टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. आमच्याकडे, इथे सिंगापूरला, 5 आठवड्यांपूर्वी घरात राहून काम करणारी नवीन हेल्पर आलीये, फिलिपिन्सची, इलोइलोच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातली, वय 26, देशाबाहेर पहिल्यांदाच. मुलगी गुणी आहे, पिल्लू तिच्याकडे मस्त राहतो, पण ती जेवतच नाही हो. सकाळी पोहे दिले की दोन घास, दुपारी पोळीभाजी दिली की 'आय ॲम ओके मॅम' आणि रात्री किचनमध्ये उभ्याउभ्या नुसतं वरण पिते. कुकरची शिट्टी झाली की दचकते, हिंगाचा डबा उघडला की नाक मुरडते, ते ठीके, होईल सवय. पण काल इस्त्री झाल्यावर म्हटलं सिंकमधली चार भांडी घासून टाक, तर हात मागे घेऊन उभीच राहिली आणि लेटर मॅम म्हणाली. काही विचारलं की तोंडाने हो-नाही नाही, नुसत्या भुवया उडवते, आमच्या ह्यांना ते उद्धट वाटतं. शिवाय आम्ही चौदाव्या मजल्यावर, कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर लावायचे म्हटलं की तिचे पाय लटपटतात. रात्री रडल्याचा आवाज येतो. एजंट म्हणतो नवीन आहे, पहिले काही महिने रविवारची सुट्टी देऊ नका, त्याचे पैसे द्या. असं चालतं का? प्लीज कोणीतरी सांगा, मला वाटायला लागलंय की माझंच काहीतरी चुकतंय.

- मेघना

---

फ्रॉम: संजय (बुकित पांजांग)

मेघना, अनुभवाने सांगतो. सुट्टी, फोन आणि वायफाय तिन्ही एकदम दिलंस की संपलं. आमची पहिली हेल्पर दोन महिन्यांत ऑर्चर्डच्या लकी प्लाझा मॉलमधल्या मैत्रिणी जमवून पगारवाढ मागायला लागली होती. आमच्याकडे फोन रात्री 9 ते 10, बाकी वेळ ड्रॉवरमध्ये. आणि हेल्परसाठी सरकारला दिलेला 5000 डॉलरचा हमीचा बाँड तुझ्या नावावर आहे हे विसरू नकोस. भूक लागली की जेवेल.

संजय

---

फ्रॉम: वैशाली (क्लेमेंटी)

मेघना, आधी श्वास घे. मी इथे 16 वर्षं आहे, आमच्याकडे तिसरी हेल्पर, तिन्ही फिलिपिन्सच्याच, आणि तू लिहिलेली एकूण एक गोष्ट मी केलेली आहे, फक्त मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

भुवया उडवणं म्हणजे 'हो'. उद्धटपणा बिलकुल नाही, आपण मान हलवतो तसंच. आणि ओठांचा चंबू करून एका बाजूला बघितलं तर ते बोट दाखवणं असतं. आमच्या सासूबाईंनी एकदा चष्मा कुठेय विचारलं तर तिने ओठांनी टीव्हीकडे दाखवलं, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत तिच्याशी. अजून एक, 'हिंदी' म्हणजे त्यांच्या टागालोग भाषेत 'नाही'. ती फोनवर हिंदी हिंदी करत असेल तर तुमच्याबद्दल बोलत नाहीये, बहुतेक घरच्यांना कशाला तरी नाही म्हणत असेल.

आता इस्त्रीचं. ह्याला ते पास्मा म्हणतात. गरम काम करून हात तापलेले असताना गार पाण्यात घातले की शिरा आखडतात, हात थरथरायला लागतात, म्हातारपणी सांधे धरतात अशी पक्की समजूत, लहानपणापासून आईने सांगितलेली. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, माझी आजी उन्हातून आल्यावर लगेच माठातलं पाणी पिऊ द्यायची नाही, मी तिला कधी पुरावा मागितला नाही. भांडी आधी, इस्त्री सगळ्यात शेवटी. इतकंच करायचं होतं आणि मी पहिल्या मुलीला कामचुकार म्हणून सहा महिने धुसफुसत होते, आजही आठवलं की लाज वाटते.

जेवणाचं सांगते, हे मोठं आहे. भात नाही म्हणजे जेवण नाही. तिन्ही त्रिकाळ. भाताबरोबर जे काही असेल, मासा, मटण, भाजी, ते सगळं 'उलाम', म्हणजे आपलं तोंडीलावणं. तू तिला पोळी आणि भाजी दिलीस तर तिच्या हिशेबाने तू दोन तोंडीलावणी दिलीस आणि जेवण द्यायला विसरलीस. शेतातल्या भाताला पालाय, तांदळाला बिगास, शिजला की कानिन, इतकं भाताशी नातं. सकाळी रात्रीचा उरलेला भात लसणीवर परतून खातात, आपला फोडणीचा भातच तो, हळद-मोहरी वगळून. तिला 5 किलोची जास्मिन राईसची पिशवी आणून दे आणि सांग की ही तुझी. ह्यातलं 'तुझी' महत्त्वाचं, कारण नव्या मुली फ्रिजसुद्धा विचारल्याशिवाय उघडत नाहीत. अंडी, चिकन घरात चालत नसेल तर तसं स्पष्ट सांग आणि बाहेर खायला वेगळे पैसे दे. आमच्यात चालत नाही म्हणून तिनेही वर्षानुवर्षं वरणावर राहावं हे मला पटत नाही, इतरांचं मत वेगळं असू शकतं. आणि दर सहा महिन्यांची मेडिकल असते ना, त्यात 2022 पासून वजन-उंचीसुद्धा बघतात, मॅडमला बाहेर बसवून. पाच किलो उतरलेली मुलगी घेऊन जायला तुलाच कसंतरी होईल.

उष्टं-खरकटं हा प्रकार मात्र बसून समजवावा लागतो. चव बघितलेला चमचा परत भांड्यात का नाही घालायचा ह्याला स्वच्छता हे उत्तर पुरत नाही, मग ती विचारते की धुतलेला चमचासुद्धा देवाच्या नैवेद्याला का नाही, आणि मग आपल्यालाच नीट सांगता येत नाही.

बांबूचं: ती घाबरते ते बरोबरच आहे. तिचं घर बैठं असणार, आणि इथे खिडकी पुसताना बायका पडून मेलेल्या आहेत. बाहेरची बाजू पुसायची तर ग्रिल कुलूपबंद हवं आणि घरातलं मोठं माणूस समोर हवं, हा 2012 पासूनचा नियम आहे. आल्यावर एक दिवसाचा सेटलिंग-इन कोर्स होतो त्यात हेच डोक्यात भरवतात. कपड्यांसाठी आतला स्टँड घे, 30 डॉलरला मिळतो.

सुट्टी: आठवड्याला एक, कायद्याने, 2013 पासून. ती राजी असेल तर पैसे देऊन काम करून घेता येतं, पण 1 जानेवारी 2023 पासून महिन्यातली निदान एक सुट्टी विकत घेता येत नाही, म्हणजे नाहीच. एजंटला हे माहीत नसेल असं नाही.

संजय, फोनबद्दल एकच. सिंगापूर आणि मनिलाचं घड्याळ एकच आहे. तिचं पोर शाळेतून दुपारी घरी येतं, आपलं येतं तेव्हाच. रात्री 9 ला तिथे सगळे झोपलेले असतात.

- वैशाली

---

फ्रॉम: संजय (बुकित पांजांग)

वैशाली, मला व्हिलन करून मोकळ्या होऊ नका. आमच्या दुसऱ्या हेल्परने सावकाराकडून पैसे उचलले होते, वसुलीवाले आमच्या दारावर लाल रंग फासून गेले, घरात माझी 70 वर्षांची आई एकटी. त्यानंतर ड्रॉवर सुरू झाला. आणि तिचे पैसे मीच सांभाळतो, तिच्याच भल्यासाठी.

संजय

---

फ्रॉम: वैशाली (क्लेमेंटी)

आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच, तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत. पण पैसे सांभाळणं बंद करा, 2019 पासून ते बेकायदेशीर आहे, तिने स्वतः सांगितलं असलं तरी. तिच्या नावाने बँकेत खातं उघडा, पगार तिकडे. आणि बाँडचं म्हणाल तर नियम तिला नीट समजावून सांगितलेले असले की ती गरोदर राहिली वगैरे म्हणून तुमचा बाँड कोणी जप्त करत नाही, ती भीती जुनी आहे.

सावकाराकडे का जातात ते पण बघा ना. घरकामासाठी बाहेर जाणाऱ्या बाईकडून प्लेसमेंट फी घ्यायची नाही असा फिलिपिन्स सरकारचा 2006 पासूनचा नियम आहे, आणि तरी ट्रेनिंग, मेडिकल, अमकं तमकं म्हणत कर्ज डोक्यावर घेऊनच मुलगी विमानात बसते. पहिले कितीतरी पगार त्यातच वळते होतात. घरी मात्र सगळ्यांना वाटतं सिंगापूरला गेली म्हणजे पैसे सुरू. मधेच छप्पर उडतं, कोणी आजारी पडतं. मेघना, तिच्या त्या उत्तर इलोइलोवरून नोव्हेंबर 2013 चं योलांडा वादळ गेलं होतं. बातम्यांत तुफान आलं आणि तिचं कामात लक्ष नसलं तर त्या दिवशी काही बोलू नकोस.

- वै.

---

फ्रॉम: सेंगकांगहून सुलभाकाकू (नातू टाईप करतोय)

मी देवगडची, तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेय, नातवाने तुमची पत्रं वाचून दाखवली. मला इंग्रजी येत नाही नि ह्यांच्याकडच्या मुलीला मराठी येत नाही, तरी आमचं उत्तम चाललंय. तिने एक दिवस पुडी उघडली, वास आला, सून धावत खिडक्या उघडायला गेली, मी धावत ताट घ्यायला. तुयो म्हणतात त्याला, आपल्या सुक्या तारल्याच त्या, भाजून भाताशी. शेवग्याचा पाला तिला बाजारात दिसला तर अशी खूश झाली, मालुंगाय मालुंगाय करत. ती चिकनच्या पातळ रश्शात घालते, मी कांदा-खोबऱ्यावर परतते. चिंच घालून माशाचं आंबट करते तेही चांगलं, फक्त तिखट नाही, मी वरून मिरची चावते. बिबिंका की काय करून घातलं, नाव गोव्याचं, चव निराळी. आणि परवा तिन्हीसांजेला सून म्हणाली केर काढ, तर आम्ही दोघी एकदम 'नको'. त्यांच्याकडेही रात्री केर काढला की लक्ष्मी जाते, फक्त लक्ष्मी म्हणत नाहीत.

आमच्या गावचे अर्धे बाप्ये मुंबईत गिरणीला होते. गणपतीला ट्रंक घेऊन यायचे. ही पण मोठा खोका भरतेय, जहाजाने पाठवायचा, साबण, टॉवेल, चॉकलेटं, थोडं थोडं महिनाभर. बालिकबायान म्हणतात म्हणे. माझ्या दोन साड्या देऊ का विचार म्हटलं, नातू म्हणतो आजी नको. (आजी खरंच देईल. - नातू)

---

फ्रॉम: मेघना (पुंगोल)

सगळ्यांना थँक्यू, तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

तांदळाची पिशवी आणली त्या रात्री ती दोन वाट्या भात नुसत्या मिठाच्या लोणच्याशी जेवली, मी आत जाऊन रडले. भांडी आधी, इस्त्री नंतर, तो विषयच संपला. स्टँड घेतला. फोन तिच्याकडेच आहे, दुपारी 3 ला ती आणि तिची 6 वर्षांची मुलगी व्हिडिओवर अभ्यास करतात, पिल्लू मधे मधे तोंड घालतो. एजंटने बायोडेटात मुलगी असल्याचं लिहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

पहिल्या रविवारी मी तिला एमआरटीने (मेट्रोने) ऑर्चर्डपर्यंत सोडून आले, लकी प्लाझाच्या बाहेर एवढ्या बायका, पैसे पाठवायच्या रांगा, जॉलीबीच्या (त्यांचं फास्ट फूड) रांगा, फुटपाथवर चादर घालून डबे उघडलेले, आणि माझ्याशेजारी दोन महिने कुजबुजत बोलणारी ही मुलगी कोणीतरी इलोइलोची भेटली तर एवढ्या मोठ्याने हसली की मी बघतच राहिले. येताना चुकून उलट्या दिशेची ट्रेन पकडली, पावणेदहाला घरी, ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण आली. हातात एक बाटली, वर लिहिलंय 'सुका'. मला वाटलं सुकट वगैरे, काकूंची आठवण आली, उघडलं तर व्हिनेगर!

पिल्लू तिला आते म्हणतो. त्यांच्यात मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात म्हणून तिनेच शिकवलं, आता माझी खरी नणंद पुण्याहून फोनवर विचारते ही कोण नवीन आते. आणि 1 सप्टेंबरपासून घरात ख्रिसमसची गाणी चालू आहेत, त्यांचा ख्रिसमस म्हणे सप्टेंबरलाच सुरू होतो. गौरीच्या आरतीच्या मागे जिंगल बेल.

सगळं छान आहे असं नाही. अजून रात्री कधीकधी रडते. मी दार वाजवत नाही, सकाळी चहा मीच करते.

- मेघना

---

फ्रॉम: वैशाली (क्लेमेंटी)

मस्त गं! विषय निघालाच आहे तर आपल्या मंडळाच्या कमिटीला एक विचारते. गेल्या वर्षी गणपतीच्या महाप्रसादाला बारा-पंधरा हेल्पर हॉलच्या मागच्या भिंतीला मुलं कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि ताटं लागली तेव्हा त्या मोजणीतच नव्हत्या. एकीला तर 'उरलं की देतो' सांगितलेलं मी कानाने ऐकलंय. ह्या वर्षी फॉर्ममध्ये रकाना टाका.

- वै.

---

फ्रॉम: सचिव, कमिटी

नमस्कार. मान्य आहे, चूक झाली, फॉर्ममध्ये मोठे / मुलं / पाहुणे एवढंच होतं. आजपासून 'हेल्पर' असा चौथा रकाना आहे, ताटाचे पैसे मंडळ भरेल. कार्यक्रम रविवारी सकाळी 10 ते 3. कृपया शुक्रवारपर्यंत आकडे कळवा, केटरर मागे लागलाय.

---

फ्रॉम: संजय (बुकित पांजांग)

मोठे 3, हेल्पर 1.

---

फ्रॉम: मेघना (पुंगोल)

रविवार आहे ना, मग ती नाही येणार, त्या दिवशी त्यांच्या गावच्या मुलींची बोटॅनिक गार्डनला पिकनिक आहे. आमचे मोठे 2, मूल 1. पिल्लूला आळीपाळीने धरू, मोदक गरम असतानाच वाढा म्हणजे झालं.